‘समांतर’चे जोडकागद

"हिचं टाईप करताना झोप येते आणि तिचं टाईप करताना चहा गार होतो. माणसानं काम करायचं कसं?"

टायपिस्टबाई शब्दचिठ्ठ्यांच्या कपाटापलीकडे शिपायाशी कुरकुरत होत्या. कपाटाला मागून फळी नव्हती, नुसते खण होते, त्यामुळे अलीकडे ‘स’चा खण उघडून उभ्या असलेल्या ताईला ते कुणी कानाशी लागून सांगावं तसं ऐकू आलं. ‘हिचं’ म्हणजे कुणाचं आणि ‘तिचं’ म्हणजे कुणाचं, हे कळायला शब्दकोशाच्या कचेरीत बावीस वर्षं काढायची गरज नव्हती. ताईनं ती काढली होती, हा भाग वेगळा. झोप तिच्या वाट्याची होती. गार चहा धाकटीच्या.

खण न वाजवता बंद करून ती आपल्या टेबलाशी आली. समोरच्या टेबलावर धाकटी, तिची सख्खी बहीण, केसांत पेन्सिल खोचून खिडकीबाहेर बघत बसली होती. काम करताना ती अशीच दिसायची. ताई काम करताना काम करतानाच दिसायची.

धाकटीला इथं आणलं होतं ताईनंच. सहा वर्षांपूर्वी धाकटीची आधीची नोकरी गेली तेव्हा ताईनं मोठ्या संपादकांपाशी शब्द टाकला होता. "घ्या हिला. मी शिकवीन." आणि शिकवलं. चिठ्ठी कशी लावायची, व्याख्येत तोच शब्द फिरून येऊ द्यायचा नाही, उदाहरणात नटायचं नाही. धाकटी पहिल्या दोन गोष्टी चटकन शिकली. तिसरी काही तिच्या अंगी लागली नाही. ‘सुस्कारा’ या शब्दाला तिनं उदाहरण लिहिलं, ‘हरवलेली चप्पल सापडल्यावर त्याने सुस्कारा सोडला; मग त्याच्या लक्षात आले, ही दुसऱ्या कोणाची तरी आहे.’ मोठे संपादक चष्मा काढून हसले. चष्मा काढून हसणं ही त्यांची सर्वात मोठी शाबासकी होती. ताईच्या कागदांवर ते ‘ठीक’ असं लिहीत. बावीस वर्षांत असे शेकड्यांनी ‘ठीक’ तिच्याकडे साठले होते.

त्या दिवशी ताईला जे वाटलं, त्याला कचेरीत शब्द होता, चिठ्ठी होती, चार अर्थच्छटा होत्या. ‘असूया’ची नोंद पहिल्या खंडात तिनंच लिहिली होती. ठीक, असा शेरा होता.

अवघड शब्दांसाठी कचेरीची एक जुनी रीत होती. तिला सगळे जोडकागद म्हणत. एकच शब्द दोघांना द्यायचा, दोघांनी एकमेकांना न दाखवता लिहायचा. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून टायपिस्टबाईंनी दोन्ही कागद टाईप करायचे, नाव न घालता, कोपऱ्यात एकावर फुली आणि एकावर ठिपका. शुक्रवारी मोठ्या टेबलाभोवती सगळे जमले की संपादक दोन्ही कागद मोठ्यानं वाचत आणि एक ठेवत. दुसरा फाडत नसत. पाठकोरा म्हणून खोक्यात टाकत. हरलेल्या माणसाला पुढे महिनाभर आपलाच कागद उलटा होऊन याच्या-त्याच्या हातात दिसायचा. कुणी त्यावर फोन नंबर लिहून घेतला होता, कुणी बाजारची यादी.

मोठे संपादक पुढच्या महिन्यात घरी बसणार होते. त्यांच्यानंतर त्या खुर्चीत कोण, हा प्रश्न जिन्यात, नळाशी, चहाच्या कपाशी सगळीकडे होता आणि कुणाच्याही तोंडात नव्हता. ताई दिसली की सगळे हवापाण्याचं बोलत. धाकटी दिसली की तर फारच हवापाण्याचं बोलत.

सोमवारी संपादकांनी दोघींच्या टेबलावर एकेक चिठ्ठी ठेवली. "समांतर, समांतरता. नुसती भूमिती नको. माणसं हा शब्द कशाकशाला वापरतात ते बघा. शुक्रवारी वाचू. आणि त्याच दिवशी पुढचंही एकदाचं सांगून टाकतो."

‘पुढचं’ म्हणजे काय ते सगळ्या खोलीला कळलं. टायपिस्टबाईंचं यंत्र क्षणभर थांबलं आणि मग उगीच जोरात सुरू झालं.

ताईला ती खुर्ची हवी होती. लग्न, घरसंसार, परदेशवारी यांतलं काही तिनं मागितलं नव्हतं, किंवा मागितलं असेल तर कुणाला ऐकू जाईल असं नाही. कॉलेजचं तोंड न बघता चिठ्ठ्या लावायला आलेली मुलगी शेवटच्या खंडावर संपादक म्हणून नाव लावून घरी जाईल, एवढंच तिनं स्वतःशी ठरवून ठेवलं होतं. त्या आड आता कुणी आलंच असेल तर ते तिनंच हात धरून आणलेलं माणूस होतं.

दोघी राहायच्याही समोरासमोर. एका मजल्यावर, मधे चार पावलांचा पॅसेज. इकडे ताई आणि आई, तिकडे धाकटी, तिचा नवरा, मुलगी आणि सतत काहीतरी पडल्याचे आवाज. आईचा एकच कायदा होता आणि तो तिनं चाळीस वर्षं कडक पाळला होता. दोघींना सारखं. एकीला फ्रॉक तर दुसरीला फ्रॉक, एकीला रपाटा तर दुसरीला रपाटा, मग दुसरीनं काही केलेलं असो वा नसो. धाकटी दुसरीच्या वर्गात असताना तिचं चित्र शाळेच्या भिंतीवर लावलं तेव्हा आईनं ताईचं चित्र घरच्या भिंतीवर लावलं. कुणी विचारलं, दोघींतली हुशार कोण, तर आई म्हणायची, "दोघी सारख्याच." इतक्या घाईनं म्हणायची, की ताईला लहानपणीच काहीतरी समजलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी पॅसेजमधला दिवा दुरुस्त करायला इलेक्ट्रिशियन आला. ताई चिठ्ठी-पेन्सिल घेऊन त्याच्या स्टुलाशी उभी राहिली.

"समांतर जोडणी म्हणता ना तुम्ही, ती म्हणजे नेमकं काय हो?"

"या बिल्डिंगचे सगळे दिवे तसेच जोडलेत, ताई. प्रत्येक दिव्याला आपली वेगळी वाट. एक गेला तरी दुसरा चालू राहतो."

"पण दुसरा लावला की पहिल्याचा उजेड कमी होत असेल."

"छे. ते एकसर जोडणीत. एकामागे एक लावले की वाटून घ्यावं लागतं. समांतरमध्ये प्रत्येकाला पुरेपूर मिळतं. शेजारचा पेटला म्हणून आपला मंद होत नाही." तो स्टुलावरून उतरला, हात झटकले. "आणि झालाच मंद, तर समजायचं, आपल्याच वायरीत कुठंतरी ढिलं आहे."

ताईनं सगळं लिहून घेतलं. शेवटचं वाक्य सोडून.

समोरच्या दारातून धाकटीच्या हसण्याचा आवाज आला. मुलीशी काहीतरी चाललं होतं. नोंद लिहीत असणार, आणि हसतही असणार. तिला दोन्ही एकदम जमायचं. ताईनं दार लावून घेतलं.

व्याख्या तिच्या डोक्यात सकाळपासून तयार होती. चोख, कोरडी, टाचणी लावल्यासारखी. ती कागदावर उतरवायला बसली आणि कपाटापलीकडचं ते वाक्य आठवलं. झोप येते. बावीस वर्षांत किती माणसांना आपण झोपवलं असेल, असा हिशेब मनात सुरू झाला आणि तिनं कागद चुरगाळला. ठीक आहे. या वेळी आपल्याही कागदावर चहा गार होऊ दे. सगळ्यांना ठाऊक नसेल, पण आपणही हसवू शकतो. आजवर हसवलं नाही ते शिस्तीपायी.

तिनं केसांत पेन्सिलसुद्धा खोचून पाहिली.

‘रेल्वेचे रूळ समांतर असतात, ते भेटले असते तर गाडीच्या पोटात दुखले असते.’ हे लिहून ती एकटीच हसली. आपल्या विनोदाला आपणच हसायची तिची ही पहिली खेप होती, आणि हसू संपल्यावर खोलीत जी शांतता झाली ती काही फारशी चांगली नव्हती. तरी तिनं नेटानं आणखी तीन उदाहरणं लिहिली. त्यांतल्या एकात दिवे एकमेकांशी भांडत होते. गमतीला जागा करायची म्हणून व्याख्या आखडती घेतली. ‘शेजारून बरोबरीने चालणारे.’ बरोबरीनं? हात जरा अडखळला. पण वाक्याला चाल होती, म्हणून तिनं ते राहू दिलं. बुधवारी तिनं कागद टायपिस्टबाईंच्या हातात दिला. बाईंनी पहिल्या चार ओळी वाचल्या, वर ताईकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं आणि यंत्रात नवा कागद सरकवला.

शुक्रवारी टेबलाभोवती सगळे बसले. संपादकांनी फुलीचा कागद उचलला.

"समांतर. परस्परांमधील अंतर कोठेही न बदलता एकाच दिशेने जाणारे; कितीही वाढवले तरी एकमेकांस न मिळणारे. रेषा, रूळ, वाटा. अर्थ दुसरा, एकाच वेळी व एकाच कामासाठी, पण एकमेकांवर न विसंबता चालणारे. समांतर जोडणी, समांतर तपास, समांतर सत्ता."

ताई ताठ बसली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. आपण चुकून जुना कागद दिला की काय, असं तिला वाटलं. पण असा कागद तिनं लिहिलाच नव्हता. चुरगाळला होता तोही इतका चांगला नव्हता.

"समांतरता," संपादक वाचत होते. "बोलण्यात वा लिहिण्यात एकाच घडणीची वाक्ये लागोपाठ ठेवणे, जेणेकरून एकाचा तोल दुसऱ्याला मिळेल. उदाहरणार्थ, एकीला फ्रॉक तर दुसरीला फ्रॉक, एकीला रपाटा तर दुसरीला रपाटा. टीप. समांतर म्हणजे सारखे नव्हे. समांतर रेषांची लांबी सारखी असावी लागत नाही. एक आखूड व एक लांब असली, तरी त्या समांतरच."

वाचून संपलं. मग त्यांनी चष्मा काढला. हसले नाहीत, नुसता काढून टेबलावर ठेवला.

"ताई, नाव घातलं नाही म्हणून हात लपतो का? बावीस वर्षांचा हात आहे हा."

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. टायपिस्टबाईंनी आपल्या नखांकडे पाहिलं. ताईनं धाकटीकडे पाहिलं, आणि धाकटी खिडकीबाहेर बघत होती.

ठिपक्याचा कागदही रीतीप्रमाणे वाचला गेला. रूळ आले, गाडीच्या पोटात दुखलं, दिवे भांडले. कुणी हसलं नाही. शिपाई एकदा हसला, तो भलत्याच जागी.

"धाकट्या बाई," संपादक मऊ आवाजात म्हणाले, "या खेपेला घसरलात. वाचकाला गुदगुल्या करायला गेलं की अर्थ हातून निसटतो. ‘बरोबरीने’ कसं चालेल? ताईंच्या कागदातली टीप बघा जरा."

"हो, सर," धाकटी म्हणाली. "बघते."

ताईनं तोंड उघडलं होतं. नक्की उघडलं होतं, हे तिला नंतरही आठवत राहिलं. पण तेवढ्यात संपादक म्हणाले, "तर आता पुढचं. खुर्ची ताईंची. माझ्या मनात होतंच, आज खात्री पटली," आणि टाळ्या वाजल्या, आणि त्या टाळ्यांत सर्वात आधीच्या टाळ्या धाकटीच्या होत्या. उघडलेल्या तोंडाचं ताईनं हसू करून टाकलं. संपादकांनी ठिपक्याचा कागद उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर, ताईला काय काय सोपवायचं, त्याची यादी करायला घेतली. कपाटांच्या किल्ल्या, त्यांनी लिहिलं. तो कागद त्यांनी तिच्याच हातात दिला.

दोघी नेहमीसारख्या बरोबर घरी निघाल्या. धाकटीनं रस्ताभर मुलीच्या दातदुखीचं सांगितलं. ताईनं रस्ताभर "हो का" म्हटलं.

शनिवार ताईनं अंथरुणात आणि कपाटं आवरण्यात काढला. आजवर एक आधार होता. धाकटीला गंमत येते, आपल्याला नेमकेपणा येतो. तिचं अंगण वेगळं, आपलं वेगळं. कितीही पोटात दुखलं तरी ताई मनाशी म्हणू शकत होती, की ते तिचं आणि हे माझं. आता कळलं की हे सुद्धा तिचंच. मनात आणलं तर एका आठवड्यात, केसांत पेन्सिल खोचून, ताईला ताईपेक्षा चांगलं लिहिता येत होतं. आणि मनात आणून ताईला धाकटीसारखं काय येत होतं, तर गाडीच्या पोटात दुखत होतं. असं जळायला तिला याआधी कधी झालं नव्हतं. धाकटीवर चिडावं, तर तिनं काही हिसकावून घेतलं नव्हतं. उलट आणून दिलं होतं. त्यानं तर अंगाचा आणखीच तिळपापड होत होता.

रविवारी सकाळी धाकटी मटारची पिशवी घेऊन आली आणि आईच्या एका अंगाला बसली. ताई दुसऱ्या अंगाला. आईला हल्ली कमी दिसायचं, पण शेंगा हातानं चाचपून ती दोघींच्या पुढ्यात सारख्या टाकत होती.

"हिला खुर्ची मिळाली म्हणे," आई धाकटीला म्हणाली. "मग तुला काय मिळालं?"

"मला काय मिळायचंय, आई. मी मजेत आहे."

"असं कसं. त्यांना म्हणावं, आणखी एक खुर्ची आणा. लाकडाचा काय दुष्काळ पडलाय?"

धाकटी हसली. ताई हसली नाही. तिनं हातातली शेंग न सोलताच खाली ठेवली.

"माझ्यासारखं का लिहिलंस?"

धाकटीनं मान वर केली नाही. एक शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले, दुसरी घेतली.

"सहा वर्षं झाली, ताई. माझ्या एकाही कागदाला तू बरं म्हटलं नाहीस. सर हसतात, टायपिस्टबाई हसतात, तू आपली चिठ्ठ्या लावत बसतेस. म्हटलं, एकदा तुझ्यासारखं लिहून बघावं. त्याला तरी बरं म्हणशील." ती थांबली. "उदाहरणात नटले नाही बघ."

"मग तिथं गप्प का बसलीस?"

"तू पण बसलीसच की."

आईचे हात थांबले होते. ती आवाजांच्या दिशेनं एकदा इकडे, एकदा तिकडे तोंड करत होती.

"आणि तू गं?" धाकटीनं विचारलं. "तू का माझ्यासारखं लिहिलंस?"

"खुर्चीसाठी," ताई म्हणाली. ते खरं होतं, पण सगळं नव्हतं.

"मग मिळाली ना. झालं. तो कागद कुणाचा, याची आता कशाला उठाठेव? टायपिस्टबाई बोलणार नाहीत. त्यांना तू आवडतेस, त्यांची कुरकुर काय, रोजचीच असते. आणि मी तर काय बोलणार." धाकटीनं ताईच्या पुढ्यातल्या शेंगा आपल्याकडे ओढल्या. "तू बावीस वर्षं वाट बघितलीस. मला त्या खुर्चीत बसून खिडकीबाहेर तरी बघता येईल का? मला नकोच ती."

"म्हणजे कागद हिचा आणि खुर्ची तिला," आईनं हाताच्या बोटांवर मोजून पाहिलं. चेहरा मोकळा झाला. "मग बरोबर आहे की. दोघींना एकेक. सारखं झालं."

किती सोपं होतं ते. आईनं दिलं होतं, धाकटीनं दिलं होतं, टायपिस्टबाईंनी गप्प राहून दिलं होतं. ताईनं फक्त एक शेंग उचलून सोलायला लागायचं होतं. मटारची उसळ करायची की भात, एवढं विचारलं असतं तरी विषय संपला असता, आणि मग उरलेली सगळी वर्षं ती त्या खुर्चीत बसून समोरच्या टेबलाकडे बघत राहिली असती. खुर्चीत बसूनही बघायचं तेच होतं.

"उद्या दहाला मी सरांना सांगणार आहे," ताई म्हणाली. "तो कागद हिचा आहे. घसरला तो माझा."

"ताई, उगाच काहीतरी करू नकोस. ते खुर्ची काढून घेतील."

"घेऊ देत."

"अगं पण का?" आईचा आवाज चढला. "एवढं सगळं सारखं झालंय, तर मोडायचं कशाला? मी कधी तुमच्यात डावं-उजवं केलं? कुणी विचारलं तर मी नेहमी सांगितलं..."

"काय सांगितलंस ते माहीत आहे, आई. चाळीस वर्षं ऐकतेय." ताईनं आईचा हात धरला. धाकटी ताईकडे बघत होती, आणि आता खिडकी तिच्या पाठीमागे होती. "आम्ही सारख्या नाही. हिला माझ्यापेक्षा चांगलं येतं. पहिल्यापासून येतं."